गाठ कुठवर गेलीय?

पेठ वडगाव, भादोले, घुणकी, लाटवडे, किणी या पट्ट्यात तोंडाचा कर्करोग उघडकीला येण्याची तऱ्हा बहुतेक वेळा सारखीच असते. गालाच्या आतल्या बाजूला एक जखम होते, महिना-दीड महिना भरत नाही. ‘तोंड आलंय’ म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या होतात, तुरटीच्या गुळण्या होतात. मग जखमेशेजारची दाढ हलायला लागते, ती काढून घेतली जाते, आणि दाढेचा खड्डाही भरत नाही. तेव्हा कुठे एखादा जाणता डॉक्टर जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवतो. रिपोर्टवर ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ हे शब्द येतात. घरचे लोक कोल्हापूरला किंवा मिरजेला धाव घेतात, कुणी रातोरात मुंबईला, परळच्या टाटा हॉस्पिटलात. तिथले डॉक्टर कागद बघतात, तोंड उघडून बघतात, मान चाचपतात आणि सांगतात, “मान आणि चेहऱ्याची सीटी करून या, कॉन्ट्रास्ट देऊन.”

इथे घरच्यांच्या मनात जो प्रश्न येतो तो अगदी रास्त आहे. कॅन्सर आहे हे तर कळलंच, मग परत हा हजारोंचा खर्च कशाला? उपचारच सुरू करा की!

पण कॅन्सर आहे की नाही हे ठरवायचं काम तुकड्याचं, ते सीटीचं नव्हेच. सीटी सांगते तो रोगाचा पसारा: गालात दिसणारी दोन सेंटिमीटरची जखम आत किती गेली आहे, जबड्याच्या हाडाला लागली आहे का, मागे चावण्याच्या स्नायूंत शिरली आहे का, मानेतल्या गाठींपर्यंत पोचली आहे का. नुसती शस्त्रक्रिया पुरेल की नंतर किरणोपचार आणि केमोही लागेल, जबडा वाचेल की कापावा लागेल, की शस्त्रक्रिया करण्यात अर्थच उरलेला नाही, हे सगळं या एका तपासणीभोवती फिरतं. म्हणून वडगावसारख्या गावातल्या माणसानेही ती नीट समजून घ्यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडचा तोंडाचा कर्करोग गालात आणि हिरडीतच का होतो, हे आधी बघू. हा मुलूख तंबाखूचा. एका अंगाला निपाणी, दुसऱ्या अंगाला जयसिंगपूर, दोन्ही तंबाखूच्या व्यापाराची जुनी ठिकाणं. चुना लावून मळलेली तंबाखू गालफडात धरायची, दिवसभर मावा चघळायचा, बायकांनी सकाळ-संध्याकाळ मिश्री लावायची, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ सालापासून बंदी आहे, पण पुडी मिळत नाही असं कोणी म्हणणार नाही. तंबाखूची गोळी जिथे तासन्‌तास बसते, त्या गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेतच रोग उगवतो. पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कर्करोग जास्त करून जिभेला आणि जिभेखालच्या भागाला होतो, आपल्याकडे गालाला आणि हिरडीला. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे वर्षभरात सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण होते, आणि भारतीय पुरुषांमध्ये कर्करोगांत पहिला क्रमांक याच रोगाचा.

हिरडीखाली लगेच हाड असतं. हाडावरचं आवरण जेमतेम काही मिलिमीटर जाडीचं. म्हणजे आपल्या भागातल्या रोगाचा पहिला शेजारी जबड्याचं हाड, आणि हाड बघण्यात सीटीचा हात धरणारं दुसरं साधन सहज हाताशी नाही. जिभेचा रोग असेल तर एमआरआय सरस ठरतो, कारण स्नायूत रोग कुठे संपतो आणि निरोगी भाग कुठे सुरू होतो हे तो जास्त स्पष्ट दाखवतो. गाल-हिरडीच्या रोगात मात्र बहुतेक ठिकाणी सुरुवात सीटीनेच होते. ती काही सेकंदांत उरकते, स्वस्तही पडते.

या यंत्राच्या मुळाशी एक साधी कल्पना आहे. साध्या एक्स-रेमध्ये पुढचं-मागचं सगळं एकावर एक पडतं. मानेचा एक्स-रे काढला तर मणके, श्वासनलिका, जबडा यांच्या सावल्या एकमेकींत मिसळतात. सीटीमध्ये एक्स-रेची नळी माणसाभोवती गोल फिरते, प्रत्येक कोनातून किरण किती अडले याची नोंद होते, आणि त्या लाखो नोंदींवरून संगणक शरीराचा आडवा छेद गणिताने उभा करतो. बाजारात कोबीचा गड्डा आडवा चिरल्यावर आतली पानं आणि गाभा एकदम दिसतो, तसं हे दिसणं. फक्त सुरी न लावता.

हे करून दाखवलं गॉडफ्री हौन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याने. तो ईएमआय कंपनीत होता. प्रयोगशाळेतल्या त्याच्या पहिल्या प्रयोगात नोंदी घ्यायलाच ९ दिवस लागले होते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला. ज्या गणितावर हे उभं आहे ते ॲलन कॉर्मॅकने आधी स्वतंत्रपणे मांडलं होतं. १९७९ सालचं वैद्यकाचं नोबेल दोघांना मिळून दिलं गेलं. सीटीच्या पडद्यावर प्रत्येक ठिपक्याला जो आकडा असतो तो आजही हौन्सफील्डच्याच नावाने मोजतात. पाण्याला शून्य, हवेला उणे १०००, चरबी उणे १०० च्या आसपास, स्नायू अधिक ४० ते ६०, घट्ट हाड हजारच्या घरात. मानेत हा चरबीचा आकडा फार उपयोगी पडतो. प्रत्येक स्नायू, प्रत्येक रक्तवाहिनी यांच्या मधे चरबीचा काळपट पडदा असतो. रोग पसरला की तो पडदा आधी पुसला जातो, आणि सराईत डोळ्याला हे लगेच कळतं.

सीटीच्या खोलीत काय होतं ते जरा जवळून बघू. रुग्णाला चार-सहा तास उपाशी बोलावतात. क्रिएटिनिनचा रिपोर्ट आधी बघतात, कारण कॉन्ट्रास्टचं औषध आयोडीनचं असतं आणि ते किडनीवाटे बाहेर पडतं. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल, पूर्वी कुठल्या इंजेक्शनची ॲलर्जी झाली असेल, दमा असेल, तर हे न विचारताही सांगावं. कानातलं, मंगळसूत्र, कवळी काढून ठेवायला लावतात. हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट गेलं की अंगातून एकदम गरम लाट गेल्यासारखी वाटते, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाल्याचा भास होतो. घाबरण्यासारखं त्यात काही नसतं. पण अंगावर गांधी उठल्या, घसा आवळल्यासारखा वाटला, तर त्याच क्षणी हाक मारायची. औषध दिल्या दिल्या मानेचे फोटो घेतले तर रक्तवाहिन्या उजळतात पण रोगाची गाठ अजून उजळलेली नसते. म्हणून मिनिटभराने फोटो घेतात. मग रोगाचा भाग आसपासच्या स्नायूपेक्षा उजळ दिसतो आणि मानेच्या मोठ्या शिरा गाठींपासून वेगळ्या ओळखू येतात.

आता गाल फुगवण्याची गोष्ट. माणूस गप्प पडून असताना गाल हिरडीला चिकटलेला असतो. सीटीत दोन्ही मिळून एकच पट्टा दिसतो. त्यात गाठ असली तरी ती गालातून निघाली की हिरडीतून, की दोन्हीकडे चिकटली आहे, हे सांगता येत नाही. लहान जखम तर दिसतच नाही. २००१ साली अमेरिकेतल्या वाइसमन आणि कॅराऊ या डॉक्टरांनी यावरचा एक साधा उपाय प्रसिद्ध केला: रुग्णाला ओठ मिटून गाल फुगवायला सांगायचं, नाकाने श्वास चालू ठेवायचा, आणि तसाच स्कॅन घ्यायचा. गाल आणि हिरडीच्या मधे हवा शिरते, हवा सीटीत काळी दिसते, आणि त्या काळ्या फटीच्या कुठल्या काठावर रोग आहे हे स्पष्ट होतं. याला जादा पैसे लागत नाहीत, वेगळं यंत्र लागत नाही, लागतो तो तंत्रज्ञाचा एक मिनिटाचा समजावणीचा वेळ. तंबाखूच्या मुलखातल्या प्रत्येक सीटी केंद्रात हे नेमाने व्हायला हवं. चिठ्ठीवर नुसतं ‘सीटी मान’ असं लिहून आलं तर तंत्रज्ञाला कळणार कसं? ‘उजव्या गालाचा कर्करोग, खालच्या हिरडीशेजारी, गाल फुगवून’ एवढं पाठवणाऱ्या डॉक्टरने लिहावं. लिहिलं नसेल तर रुग्णाच्या मुलाने तोंडाने सांगावं. त्यात संकोच कशाचा?

चांदी भरलेल्या किंवा धातूची टोपी बसवलेल्या दातांचीही अशीच अडचण असते. धातूभोवती पांढऱ्या-काळ्या रेघांचा झोत उठतो आणि नेमका हवा तो भाग झाकला जातो. मग तोंड उघडं ठेवून दुसरा फेरा घेतात, म्हणजे रेघांची पातळी सरकते. पण तोंड उघडतच नसेल तर? गुटखा-सुपारी खाणाऱ्या तरुणांत हे सर्रास दिसतं. गाल आतून पांढुरके, ताठ होतात, भाकरीचा घास जात नाही, दोन बोटं उभी मावत नाहीत. अशा तोंडात डॉक्टरला मागचं काहीच दिसत नाही, आणि तिथे सीटी हाच डोळा. तोंड कशामुळे मिटलंय, जुन्या ताठरपणामुळे की रोग चावण्याच्या स्नायूंत घुसल्यामुळे, हा त्या वेळचा सगळ्यात मोठा प्रश्न असतो.

फोटो वाचताना रेडिओलॉजिस्ट एकेक छेद खालीवर सरकवत जातो, तो प्रथम जबड्यापाशी थांबतो. हाडाच्या बाहेरच्या घट्ट कवचाची पांढरी रेघ अखंड आहे का? ती कुठे कुरतडल्यासारखी दिसते का? कवच फुटून आतल्या मगजात रोग उतरला आहे का? रोग हिरडीवर नुसता टेकला असेल आणि कवच शाबूत असेल, तर सर्जन जबड्याची वरची कड तासून काढतो, खालची कड राहते, चेहऱ्याची ठेवण टिकते. मगजात उतरला असेल तर जबड्याचा पूर्ण तुकडा काढावा लागतो. मग पायातलं फिब्युला हे हाड आणून जबडा घडवायचा. ही शस्त्रक्रिया कितीतरी तास चालते, खर्च वाढतो, बरं व्हायला वेळ लागतो. या दोन्हींतला निवाडा बऱ्याच अंशी त्या पांढऱ्या रेघेवर असतो. नुकतीच काढलेली दाढ इथे घोळ घालते. दाढेचा रिकामा खड्डा आणि रोगाने खाल्लेलं हाड फोटोत सारखंच दिसू शकतं. कोणती दाढ कधी काढली हे सांगितलं तर ही चूक टळते.

मग नजर वर आणि मागे जाते. जबड्याची उभी फांदी जिथे संपते तिथे, सांध्याचं टोक आणि पुढचा सुळका यांच्या मधे, एक खोलगट खाच असते, डॉक्टर तिला ‘नॉच’ म्हणतात. गालाचा रोग मागे सरकत चावण्याच्या स्नायूंच्या कप्प्यात शिरला की कर्करोगाच्या टप्प्यांच्या नियमावलीनुसार तो चौथ्या टप्प्याच्या ‘ब’ गटात जातो. या गटाला पूर्वी सरसकट ‘शस्त्रक्रियेपलीकडचा’ म्हणत. पण असे रुग्ण सतत बघणाऱ्या सर्जनांच्या ध्यानात आलं की या खाचेच्या खालीच राहिलेला रोग आणि खाचेच्या वर कवटीच्या तळाकडे चढलेला रोग यांत मोठा फरक आहे. खाली असेल तर तो पूर्ण कप्पा काढून बऱ्याच रुग्णांना चांगली वर्षं मिळतात. म्हणून चर्चेत सर्जनचा ठरलेला प्रश्न असतो, “नॉचच्या वर की खाली?” सीटीवर दिसणाऱ्या काही मिलिमीटरच्या अंतरावर ‘ऑपरेशन करू’ आणि ‘आता फक्त केमोने बघू’ यांतलं काय ते ठरतं.

तिसरा मुक्काम मानेवर. अंगातल्या सुमारे ८०० लसिकागाठींपैकी ३०० च्या आसपास एकट्या डोक्या-मानेत आहेत. दात किडला, घसा धरला की त्याच सुजतात. आपण म्हणतो, अवधाण आलं. डॉक्टर मानेचे पट्टे पाडतात: हनुवटी आणि जबड्याखाली पहिला, गळ्याच्या मोठ्या शिरेच्या कडेने वरून खाली दुसरा, तिसरा, चौथा, मानेच्या मागच्या त्रिकोणात पाचवा, मधोमध सहावा. गालाचा रोग आधी पहिल्या आणि दुसऱ्या पट्ट्यात उतरतो. आडव्या छेदात गाठीचा लहान व्यास १० मिलिमीटरच्या वर गेला तर संशय घेतात, पण नुसत्या मापावर विसंबता येत नाही. निरोगी गाठ घेवड्याच्या बीसारखी लांबट असते, रोगट गाठ गोल होते. गाठीचा मधला भाग कॉन्ट्रास्ट न घेता काळा राहिला, म्हणजे आतून कुजला, तर संशय बळावतो. गाठीची कड धूसर होऊन शेजारच्या चरबीत रेघा उठल्या, तर रोग गाठीचं कवच फोडून बाहेर आल्याची ती खूण. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीत हे सिद्ध झालं तर नुसते किरण पुरत नाहीत, सोबत केमोही द्यावी लागते.

आपल्याकडे क्षयरोगही मानेच्या गाठी आतून अशाच कुजवतो. त्यामुळे केवळ फोटोवरून मानेचा निकाल लावू नये. शंका असेल तिथे सोनोग्राफी लावून सुईने पाणी काढून तपासावं, चार दिवस लागले तरी चालतील.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. गाठीत कर्करोगाच्या पेशींचा पुंजका एक-दोन मिलिमीटरचा असेल तर तो सीटीला दिसत नाही. हातालाही गाठ लागत नाही, फोटोतही नाही, तरी काढलेल्या मानेत रोग सापडतो असे रुग्ण पुष्कळ असतात. मग मान स्वच्छ दिसत असताना गाठी काढाव्यात की थांबावं, यावर जगभर अनेक दशकं वाद होता. तो मिटवणारा अभ्यास आपल्या मुंबईतला आहे. टाटा मेमोरियलचे डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोंडाच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या कर्करोगाचे रुग्ण दोन गटांत वाटले. एका गटात तोंडातल्या रोगाची शस्त्रक्रिया करतानाच मानेतल्या गाठीही काढल्या, दुसऱ्यात मानेवर लक्ष ठेवलं आणि गाठ आली तरच काढल्या. २०१५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ५०० रुग्णांचे निष्कर्ष आले. तीन वर्षांनी पहिल्या गटातले ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातले ६७.५ टक्के. “सीटीत मान क्लीअर आहे, मग मानेवर चीर कशाला?” असं नातेवाईक विचारतात त्याचं उत्तर या आकड्यांत आहे.

घशाच्या आणि स्वरयंत्राच्या रोगात प्रश्न वेगळे. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल तर दुर्बिणीने स्वरयंत्र बघतात; पण कूर्चा फुटून रोग बाहेर आला आहे का हे दुर्बीण सांगू शकत नाही, सीटी सांगते. कूर्चा आरपार फुटली असेल तर स्वरयंत्र वाचवण्याचा विचार सहसा मागे पडतो. मानेतल्या मोठ्या धमनीला रोगाने किती वेढलं आहे हेही अंशांत मोजतात. पूर्ण वर्तुळाच्या ३६० पैकी २७० अंशांहून जास्त वेढा असला तर रोग धमनीपासून सोडवता येईल याची आशा फार कमी.

लोकांत एक भीती असते की एवढे किरण गेले की रोग भडकतो. तसं होत नाही. मानेच्या एका सीटीत मिळणारा किरणांचा डोस काही मिलिसिव्हर्टच्या घरातला असतो. जमीन, आकाश आणि अन्नातून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट असेच मिळत असतात. विनाकारण सीटी करू नये हे खरं. पण कर्करोगाची व्याप्ती मोजायची असताना किरणांच्या भीतीने ती टाळणं फार महाग पडतं. ‘सुरी लागली की रोग पसरतो’ म्हणून तुकडा काढू न देणं हेही तसंच. शक्य असेल तर सीटी तुकड्याच्या आधी झाली तर बरी, कारण तुकडा काढल्यावर सूज येऊन रोग आहे त्याहून मोठा दिसतो. पण तेवढ्यासाठी दोन्हींपैकी काहीही लांबवू नये.

फिल्म आणि सीडीबद्दल मात्र थोडं आग्रहाने सांगतो. घरोघरी त्या मोठ्या काळ्या फिल्मा जपून, गुंडाळी करून आणल्या जातात, आणि सीडी पाकिटात राहून मोडते किंवा केंद्रातून घेतलीच जात नाही. फिल्मवर निवडक छेद असतात, तेही ठरावीक उजेडात छापलेले. सीडीत सगळे छेद असतात. सर्जन ते संगणकावर सरकवू शकतो, हाडासाठी एक आणि मांसासाठी दुसरा उजेड लावू शकतो, उभा-आडवा छेद पाडू शकतो. नॉचच्या वर की खाली हे फिल्मवर कित्येकदा दिसतच नाही. सीडी नसेल तर मोठ्या रुग्णालयात परत सीटी करायला सांगतात, म्हणजे पुन्हा कॉन्ट्रास्ट, पुन्हा पैसे, पुन्हा तारीख. सीडी मागून घ्यावी, तिची एक प्रत मुलाच्या मोबाइलात किंवा पेनड्राइव्हवर ठेवावी. आणि सीटी झाल्यावर देवऋषी, काढे यांत दोन-तीन महिने गेले असतील तर ती जुनी समजावी. हा रोग तेवढ्या काळात जबडा ओलांडतो. पैशांसाठी अडत असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसणाऱ्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठावं, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवावं.

अलीकडे सीटीच्या आकड्यांतून संगणकाने रोगाचा स्वभाव ओळखावा असे प्रयत्न चालले आहेत. २०१४ साली ह्यूगो आर्ट्स आणि सहकाऱ्यांनी फुप्फुस आणि डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या १,०१९ रुग्णांच्या सीटींमधली ४४० वैशिष्ट्यं मोजून दाखवलं की गाठीच्या पोताचा आणि रुग्ण किती जगतो याचा संबंध जोडता येतो. दिशा चांगली आहे. पण गाल फुगवायलाच सांगितलं नसेल तर संगणकालाही तिथे काही दिसणार नाही.

शस्त्रक्रिया झाल्यावर, किंवा तिच्याऐवजी, ज्यांना किरणोपचार घ्यायचे असतात, लोक ज्याला ‘लाइट देणं’ म्हणतात, त्यांची आणखी एक सीटी होते. ती निदानाची नव्हे, आखणीची. चेहऱ्यावर गरम करून मऊ केलेली जाळी दाबून मुखवटा घडवतात, सपाट टेबलावर त्याच मुखवट्यात रुग्णाला झोपवून स्कॅन घेतात. प्रत्येक छेदावर डॉक्टर रोगाची कड हाताने आखतो, लाळग्रंथी, मज्जारज्जू, डोळे वाचवायच्या रेघा वेगळ्या आखतो. हौन्सफील्डचे आकडे इथे पुन्हा कामाला येतात. त्यांवरूनच कुठल्या पेशीजालात किती किरण शोषले जातील याचा हिशेब होतो. लाळग्रंथी जेवढी वाचेल तेवढे पुढे कोरड्या तोंडाने भाकरी गिळायचे कष्ट कमी.

उपचार संपल्यावर लगेच काढलेला फोटो फसवतो, कारण किरणांची सूज आणि उरलेला रोग सारखेच दिसतात. म्हणून आठ ते बारा आठवडे थांबून पहिली सीटी, किंवा गरजेनुसार पेट-सीटी, करतात. ब्रिटनमध्ये ५६४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की केमो आणि किरणांनंतर बारा आठवड्यांनी पेट-सीटी करून ती स्वच्छ असेल तर मानेची शस्त्रक्रिया टाळता येते, आणि त्याने आयुष्य कमी होत नाही. उपचारानंतरची ही पहिली सीटी पुढच्या सगळ्या तुलनेचा पाया असते. रोग परतला तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत परततो. त्या काळात दर महिन्या-दोन महिन्यांनी तोंड आणि मान हाताने तपासून घ्यायची, आणि डॉक्टरला कुठे काही वेगळं लागलं तर नवी सीटी काढून त्या जुन्या सीडीशेजारी लावून बघायची.